वेच्यांची तबकडी आणि नाट्यप्रसंग

स्मेटानाची ‘विकलेली नवरी’ ही चेक विनोदी संगीतिका १८६६ मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आली, तेव्हा तिच्यात पदांच्या मधून गद्य संवाद होते. १८७० च्या पाठात तेही गेय झाले. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त (१८८२) गद्य कायम राहिले. दोहोंतील विनोद मात्र एकाच युक्तीवर उभा आहे. येनिक तीनशे नाण्यांना नवरीवरील हक्क सोडतो, पण तिने मिखाच्या मुलालाच वरावे अशी अट घालतो. आणि तो मुलगा स्वतः येनिकच! सुभद्रेपुढील यती अर्जुनच असतो. हे प्रेक्षकास ठाऊक, तिला नाही.

निवडक पदांच्या तबकडीत नेमके हे गुपित गळते. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तीत राग उरतो. पद कोणासमोर म्हटले जात आहे, हे उरत नाही.

बालगंधर्वांचे आरंभीचे संगीतशिक्षण जळगावी मेहबूबखाँ यांच्याकडे झाले. तथापि जळगाव-धुळ्याच्या पुढील पिढ्यांना त्यांचे गाणे भेटले ते तबकडीतूनच. तीतून गायक कळतो, नट नव्हे. गाण्यापायी नाटक मागे पडले, हा आक्षेप प्रयोग पाहिलेल्यांनीही घेतला आहे, हे खरे. परंतु केवळ तबकडीच्या आधारे त्यास दुजोरा देणे गैर होय. पदाआधीचे गद्य संहितेतून वाचावे आणि मगच तबकडी लावावी. चेक न जाणणाऱ्या श्रोत्यास तर स्मेटानाच्या वेच्यांसाठी याहून दुसरा मार्गच नाही.