बतावणीतला मियाँ आणि सावळ्या कुंभार

चैत्र-वैशाखात शिरूर-दौंडच्या पट्ट्यात गावोगाव यात्रा भरतात. त्याच सुमारास शाळांना सुट्टी लागते. तळेगाव ढमढेरेसारख्या गावात सुट्टीतले विनोदी नाटक म्हणजे यात्रेतला वग. कनात, उभारलेले स्टेज आणि समोर जमिनीवर बसलेली माणसे एवढेच त्याचे थिएटर. शहरातली नाट्यसमीक्षा या प्रयोगांकडे सहसा फिरकत नाही. आपला मुस्लिम मराठी वाचकही फिरकत नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे. आपल्या अनेक घरांत ‘तमाशा’ हा शब्द शिवीसारखाच वापरला जातो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, म्हणून मला या शब्दांचीच गंमत वाटते. तमाशा हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आला. शाहीर म्हणजे आपला शायर. सवाल, जवाब, मुजरा, कलगी, तुरा, डफ हे सारे शब्द त्याच घरचे. शब्दांबरोबर माणसेही होती. पेशवाईच्या अखेरच्या काळात लावणी गाजवणारे सगनभाऊ मुसलमान शिकलगार होते. बार्शीचे अमर शेख (१९१६–१९६९) यांच्या डफावर संयुक्त महाराष्ट्राची सभा उभी राहत असे. म्हणजे हे अंगण परक्याचे नाही.

या अंगणातला सर्वांत नावाजलेला वग म्हणजे ‘गाढवाचं लग्न’. तो दादू इंदुरीकरांनी गाजवला. त्यांचे इंदुरी हे गाव मावळात, दुसऱ्या म्हणजे दाभाड्यांच्या तळेगावाजवळ. १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. गोष्ट साधी आहे. शापामुळे गाढव झालेला गंधर्व सावळ्या कुंभाराच्या घरी येतो आणि राजकन्येशी लग्न करायचे म्हणतो. ही मागणी घेऊन सावळ्याला दरबारात जावे लागते. खरा विनोद इथे सुरू होतो. दरबाराची भाषा जड, कुंभाराची रांगडी. दोन भाषांची टक्कर होते आणि प्रेक्षक हसतो तो राजाला. सावळ्याचे बोलणे अडाणी वाटते, पण शहाणपण त्याच्याच पदरात असते.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्यातही हेच सूत्र आहे. दादा कोंडके यांचा हवालदार प्रेक्षकांना आपला वाटला, कारण हक्काची जागा वशिल्याने दुसऱ्याला गेल्याचे दुःख गावोगावच्या माणसाला ठाऊक होते. हसू खालून वर जाते, हीच या परंपरेची खरी ताकद.

आता बतावणीतल्या मियाँकडे पाहू. काही फडांत आजही हे पात्र येते. डोक्यावर टोपी, हनुवटीला चिकटवलेली दाढी, ‘हम आती है, तुम जाती है’ असे बोलणे. त्याने तोंड उघडले की हशा पिकतो. त्याने काय केले, त्याचे काय बिघडले, याच्याशी त्या हशाचा काही संबंध नसतो. मला इथे पहिली तक्रार कलेची करायची आहे, भावना दुखावल्याची नंतर. हे पात्र निरीक्षणातून आलेलेच नाही. आमच्या भागातला बागवान किंवा अत्तार बाजारात चोख मराठीत भाव करतो आणि घरी दखनी वळणाचे बोलतो. रंगमंचावरची ती भाषा दखनी नाही, उर्दू नाही आणि मराठीही नाही. ती हिंदी सिनेमातून उचललेली आहे. ज्या सोंगाड्याने कुंभाराचे बोलणे कान देऊन ऐकले, त्याने शेजारच्या मोहल्ल्यातले बोलणे ऐकलेच नाही.

भाषेवरून विनोद करूच नये, असे मी म्हणत नाही. सावळ्याचा विनोदही भाषेवरच उभा आहे. फरक दिशेचा आहे. सावळ्याला उत्तर द्यायला मिळते आणि तो राजाला निरुत्तर करतो. मियाँला उत्तर दिलेलेच नसते. तो येतो, अडखळतो, मार खातो आणि जातो.

यात एक आशेची बाजूही आहे. वगाची गोष्ट ठरलेली असते, पण बतावणी तोंडीच वाढत जाते. गावातला खड्डा, सरपंचाची निवडणूक, कांद्याचा भाव हे सारे त्या रात्री त्यात शिरते. म्हणजे मियाँ मूळ गोष्टीत नाही, तो नटाने घातलेला आहे. जे घातले ते काढता येते, बदलताही येते. पण बदलायला कोणी सांगायचे?

इथे आपल्याकडे बोट वळते. तमाशात द्व्यर्थी बोलणे असते, सगळ्या कुटुंबाने एकत्र बसावे असे पुष्कळदा नसते, हे खरेच आहे. ही हरकत मी खोटी मानत नाही. परंतु याच हरकतीपायी आपण प्रेक्षक म्हणून उठलो, लेखक म्हणूनही उठलो, आणि आपले सोंग दुसऱ्याच्या हाती देऊन बसलो. मुस्लिम मराठी लेखकांनी कविता लिहिली, कथा लिहिली, आत्मकथने लिहिली. यात्रेच्या रात्री चालेल असा वग मात्र आपल्याकडून फारसा आला नाही. दखनी आणि मराठी या दोन्ही बोली ज्याच्या जिभेवर आहेत, असा हजरजबाबी मुस्लिम सोंगाड्या दरबारात उभा राहिला तर राजाची काय तारांबळ उडेल!

सोंगाड्या समोरची माणसे पाहून बोलतो. त्या माणसांत त्याला आपण दिसलो पाहिजे.