कोहळ्यावरची चीर

शाळेतल्या भाषणांत सुश्रुताचे कौतुक नाकाच्या शस्त्रक्रियेपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. आमची तक्रार आहे ती याबद्दल. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय, ‘योग्यासूत्रीय’, फारसा कोणी उघडत नाही. योग्या म्हणजे सराव. ग्रंथ कितीही पाठ असले तरी हात न बसलेला शिष्य कामाचा नाही, असे हा छोटासा अध्याय बजावतो आणि लगेच सामग्री सांगतो. कापण्यासाठी कोहळा, दुधी, काकडी. भेदण्यासाठी पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्या. वेधण्यासाठी मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. रुतलेली वस्तू उपसण्यासाठी फणसाचा गर.

कोहळा माणसाच्या कुठल्याच अवयवासारखा दिसत नाही. दिसण्याची गरजही नाही. प्रत्येक वस्तू ऊतीचा एखादाच गुण उचलते, आणि तोच हाताला शिकवायचा असतो. आजचे सिलिकोनचे किंवा त्रिमितीय छपाईचे अवयव पाहताना हा निकष आपण विसरतो. रंगरूप हुबेहूब असले की खूश होतो.

अध्याय वाचून आम्ही मुरगूडच्या बाजारातून दुधी आणला आणि त्यावर चीर दिली. ती मिटूनच राहिली. आपल्या त्वचेवरची जखम मात्र आ वासते, कारण त्वचा अंगावर मुळातच ताणलेली असते. म्हणजे दुधी चिरेची खोली शिकवील, ताण नाही. आणि गंमत पाहा, खरवडण्याच्या सरावासाठी ग्रंथ केसांसकट कातडे घ्यायला सांगतो, तेही ताणलेले! हे लिहिणाऱ्याने हात चालवून पाहिला होता, अशी आमची खात्री झाली.

उणिवाही आहेत. शिष्य तयार झाला हे कशावरून ओळखावे, ते अध्याय सांगत नाही. शस्त्र धरणाऱ्याच्या मनगटाचा, खांद्याचा, मानेचा विचारही त्यात नाही. ती गरज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तीव्र केली. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतात प्रथम या पद्धतीने पित्ताशय काढले. इथे हत्यारे लांब, आणि नजर रुग्णावर नसून पडद्यावर. टेबल उंच राहिले तर खांदे उचलून तासन्‌तास उभे राहावे लागते. म्हणून हत्याराची मूठ कोपराच्या पातळीला आणि पडदा समोर, डोळ्यांच्या किंचित खाली हवा.

वर्गात तरफ शिकवताना कात्री आणि पहार यांच्या जोडीला हे उदाहरण का नसावे? पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून 30 सेंटिमीटरची विणायची सुई घालावी. भोक हा टेकू. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. 10 सेंटिमीटर बाहेर आणि 20 आत असेल तर टोक हाताच्या दुप्पट हलते. सुई 5 सेंटिमीटरच बाहेर ठेवून पाहावी: आता पाचपट. हाताचा बारीकसा कंप टोकाशी केवढा होतो, ते मुलांनाच मोजू द्यावे.