मुलाखत हासुद्धा पुरावाच

विषय 'महिला आणि राजकारण' घेतलाय? मग लगेच नगरसेविका मोजायला बसू नका. आधी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) वाचा. लेखिकांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना प्रत्यक्ष भेटून बोलतं केलं. म्हणून महाडचा १९२७चा सत्याग्रह, नागपूरची १९४२ची महिला परिषद नुसत्या तारखा राहत नाहीत. खुर्ची नसतानाही राजकारण होतं, हे पुस्तकाचं बळ.

पण मुलाखत म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. आठवण जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून बघा. आदरापोटी तपासणी टाळलीत, तर त्या बायकांचाच इतिहास कच्चा ठरवला जाईल.

आमच्या बेलवलीत मी आता आजींपासूनच सुरुवात करतेय. ग्रंथालय थांबेल, त्या थांबणार नाहीत.