‘सायफर’ : नटांना शून्य म्हणण्याचा अर्थ

‘सायफर’ हा शब्द आला की आपण समासात ‘गुप्तलिपी’ असे लिहून पुढे जातो. महानुभावांच्या सकळ लिपीबद्दल बोलताना हा प्रतिशब्द अगदी योग्य आहे. तिथे एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह येते, वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली. पण शेक्सपिअरच्या ‘हेन्री पाचवा’ (१५९९) या नाटकाच्या प्रारंभी सूत्रधार नटांना ‘सायफर’ म्हणतो, तेव्हा हा प्रतिशब्द कामाचा नाही. तिथे अर्थ आहे शून्य.

तोच मूळ अर्थ. संस्कृत ‘शून्य’ म्हणजे रिकामे. अरबांनी त्यासाठी ‘सिफ्र’ हा शब्द योजला, त्याचे लॅटिनमध्ये ‘सिफ्रा’ झाले. हिंदी-उर्दूतील ‘सिफर’ त्याच घराण्यातला, आणि ‘झीरो’सुद्धा. गुप्तलेखनाचा अर्थ नंतर चिकटला.

आता सूत्रधाराकडे परत येऊ. तो विनय दाखवतो आहे असे समजून ‘क्षुद्र’ किंवा ‘नगण्य’ लिहिण्याचा मोह होतो. मला ते अपुरे वाटते. शून्याला स्वतःची किंमत नसते खरी, पण एकावर सहा शून्ये मांडली की दहा लाख होतात, आणि सूत्रधार नेमका दहा लाखांचाच उल्लेख करतो. मूठभर नटांवरून प्रेक्षकांनी अख्खे सैन्य कल्पावे, ही त्याची मागणी आहे. ‘क्षुद्र’ म्हटले की विनय उरतो, हिशेब मात्र बुडतो. ‘द विंटर्स टेल’मधला पोलिक्सिनीझ आभार मानताना हेच गणित करतो.

‘किंग लिअर’मध्ये गणित उलटते. राज्य वाटून मोकळ्या झालेल्या राजाला विदूषक अंकाविना शून्य ठरवतो. डावीकडचा अंक लिअरने स्वतःच मुलींना देऊन टाकला आहे!

मराठीत शून्याला ‘पूज्य’ असाही शब्द आहे. ‘अकलेच्या नावाने पूज्य’ असे आपण म्हणतोच. लिअरसाठी मी हाच शब्द घेईन, कारण वंदनीय आणि रिकामा हे दोन्ही अर्थ त्यात एकदम ऐकू येतात. ‘हेन्री’तल्या नटांना मात्र तो नको, ते उगाच स्वतःची आरती ओवाळताहेत असे वाटेल. तिथे साधे ‘शून्य’च बरे.

तुमच्या मातृभाषेत शून्यासाठी कोणकोणते शब्द आहेत? त्यांपैकी एकेक विदूषकाच्या तोंडी घालून पाहा.