दार्तान्याला तलवार कोणी शिकवली?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की कादंबऱ्यांमधले कोवळे नायक मुरलेल्या तलवारबाजांना हरवतात कसे? प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. गुण उपजत असतो की कमावलेला, हा तत्त्वज्ञानातला जुनाच वाद त्यात आहे. आज आपण दोन कादंबऱ्या घेऊन तो तपासू.

पहिली, अलेक्झांडर द्यूमाची १८४४ची ‘थ्री मस्केटिअर्स’. गॅस्कनीतून पॅरिसला आलेला १८ वर्षांचा दार्तान्या कार्डिनलच्या रक्षकांशी झालेल्या चकमकीत ज्यूसाकसमोर उभा राहतो. ज्यूसाक कसलेला गडी. हा पोरगा मात्र सारखा पवित्रा बदलतो, रूढ नियम झुगारतो, चहूबाजूंनी तुटून पडतो. ज्यूसाक चिडतो, चुकतो आणि पडतो. आपण वाचक लगेच म्हणतो, ‘वा! रक्तातच आहे त्याच्या!’

पण जरा थांबा. द्यूमा तिथेच सांगून जातो, की पोराचा सराव कमी असला तरी तलवारीचं शास्त्र पक्कं होतं. आणि घरून निघताना बापाने त्याला आठवण दिलेली असते, की तलवार चालवायला मी तुला शिकवलंय. म्हणजे वस्ताद घरातच होता! नियम मोडायला आधी ते ठाऊक असावे लागतात. पण बापाचं ते वाक्य आपण विसरतो आणि पोराची झेप तेवढी लक्षात ठेवतो.

दुसरी, राफाएल सबातिनीची १९२१ची ‘स्कारामूश’. फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोंडावर एक मार्की, म्हणजे बडा सरदार, एका तरुणाला डिवचून द्वंद्वात ओढतो आणि ठार मारतो. का? तर या तरुणाच्या वक्तृत्वाची त्याला धास्ती वाटते. मार्कीचा हात खानदानी वाटतो, पण तो तयार व्हायला फुरसत आणि पैसा लागलेला असतो. मेलेल्याचा मित्र आंद्रे-लुई हा वकील, बापाचा पत्ता नसलेला. तो पॅरिसमध्ये एका वस्तादाच्या हाताखाली राहतो, जुने ग्रंथ वाचतो, बुद्धिबळासारखा हुलकावण्यांचा आगाऊ हिशेब मांडतो आणि एक दिवस वस्तादालाच चकवतो. इथे तालीम लपवलेली नाही; ती वाचायलाच गोडी येते.

मात्र शेवटी सबातिनी उघड करतो, की नायकाचा बाप तोच मार्की! दारातून घालवलेलं रक्त खिडकीतून परत आलं. आमचा आक्षेप इथे आहे. सरदाराची विद्या सामान्य माणसाला मेहनतीने साधते, हे दाखवून झाल्यावर लेखकाने वाचकाला शंकेला जागा का ठेवावी?

आपल्याकडे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्यासाठी शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिन्ही गोष्टी सांगितल्या. पण त्यांना तो तीन कारणं म्हणत नाही. तिन्ही मिळून कारण एकच, असं तो बजावतो. तलवारीला हेच लावून बघा. दार्तान्याची झेप किती त्याची आणि किती बापाची, हे वेगळं काढताच येत नाही.

हे नुसतं कादंबऱ्यांपुरतं नाही. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात ‘हा मुलगा जात्याच हुशार’ असं म्हणत आलो. शब्द तरी बघा, ‘जात्याच’! त्याच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं, आजोबा पाठांतर घ्यायचे. ही त्याची तालीम आम्ही मोजलीच नाही. आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलगी तितकेच मार्क मिळवायची, तिला मात्र आम्ही ‘कष्टाळू आहे’ म्हणून मोकळे व्हायचो. शिफारसपत्रातही तेच लिहिलं. वाचणाऱ्याने त्यातून काय घेतलं असेल, ते आज कळतं.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा नायक न शिकता जिंकताना दिसला, तर मागची पानं उलटून बघा. वस्ताद कुठेतरी सापडेल. आता तुमचे प्रश्न घेऊ.