लाकडी सैतान आणि खरी शंका

अमेरिकेतील लूव्हिन बंधूंनी १९५९ साली ‘सेटन इज रिअल’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या वेष्टनावर ज्वाळांमध्ये दोघे बंधू उभे असून मागे प्लायवूडचा बारा फुटी सैतान आहे. बंधूंची श्रद्धा अस्सल. पण आज ते चित्र पाहून हसू आवरत नाही. ते भय आणि ते हसू, दोन्ही पुढे ‘आल्टरनेटिव्ह कंट्री’च्या दांडग्या गायकांकडे वारशाने आली. इलिनॉयच्या अंकल टुपेलो मंडळींनी १९९० च्या आपल्या पहिल्या तबकडीचे नाव कार्टर कुटुंबाच्या स्वर्गविषयक गीतावरून घेतले. १९९२ साली लूव्हिनांचे अणुशक्तीवरील गीतही ते गायिले.

डेन्व्हरचा ‘स्लिम सेस्नाज ऑटो क्लब’ याहून धीट. मद्यगृहातील गदारोळात त्याचे दोघे गायक धर्मोपदेशकांचा आव आणून पाप व मुक्ती यांचा पुकारा करतात, आणि श्रोते हसत हसत ओ देतात. ही विटंबना होय काय? आम्हांस तसे वाटत नाही. न्यायालयाचा अधिकारच ज्यास अमान्य, तो तेथे अपील गुदरीत नाही. विठ्ठलाशी भांडणारे नामदेव आणि नाथांची भारुडे ज्यांच्या कानांवरून गेली आहेत, त्यांस हे उमगावे. मात्र नामदेवांचे भांडण घरातले होते; हे गायक उंबरठ्यावरच घुटमळतात. शंका मागे पडून उपदेशकाचा नुसता वेष उरला, की ही गाणी नकलेवर येतात. तेव्हा लूव्हिनांचा लाकडी सैतानच बरा वाटतो.