पूर्वसूरींशी वाद घालणारी छायाचित्रे

ललित छायाचित्रण ही संज्ञा ज्या छायाचित्रांना लावली जाते, त्यांचा मुख्य हेतू घटनेची नोंद ठेवणे, माल विकणे किंवा व्यक्तीची ओळख पटवणे हा नसतो. पाहणाऱ्याने प्रतिमेकडे प्रतिमा म्हणून पाहावे, तिच्यातील प्रकाश, आकार आणि छटा यांच्याबरोबरच चौकटीबाहेर काय ठेवले आहे याचाही विचार करावा, अशी त्यांची अपेक्षा असते. ही व्याख्या सोयीची आहे, काटेकोर नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी बातमीसाठी काढलेली छायाचित्रे आज कलासंग्रहात जपली जातात, तर कलाकृती म्हणून मोठ्या आकारात छापून भिंतीवर टांगलेली कितीतरी छायाचित्रे दिनदर्शिकेच्या पानापलीकडे जात नाहीत. तेव्हा एखादे छायाचित्र या वर्गात बसते की नाही यापेक्षा त्याचे आस्वादन कसे करावे आणि त्यातून दुसऱ्या छायाचित्रकाराला नेमके काय मिळते, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. थोर छायाचित्रांपासून प्रेरणा घ्यावी हा उपदेश सर्रास केला जातो. पण या माध्यमाचा इतिहास चाळला तर असे दिसते की ज्यांनी पूर्वसूरींकडून सर्वांत अधिक घेतले, त्यांनी त्यांच्याशी एखाद्या मूलभूत मुद्द्यावर फारकतही घेतली, आणि ज्यांनी केवळ आदर बाळगला त्यांच्या हाती बहुधा विषयाची नक्कलच उरली.

याचे पहिले ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत पिक्टोरिअलिझम, म्हणजे छायाचित्राला रंगचित्राचे रूप देऊ पाहणारी चळवळ, जोरात होती. छायाचित्र हे यंत्राचे काम, त्यात कलावंताचा हात कुठे, या आक्षेपाला उत्तर म्हणून हे छायाचित्रकार प्रतिमा मुद्दाम धूसर करत आणि गम बायक्रोमेटसारख्या पद्धती वापरत, ज्यात डिंक, रंगद्रव्य व प्रकाशसंवेदी क्षार यांचा लेप कागदावर देऊन प्रतिमा उमटवली जाई आणि नको असलेला भाग ओल्या कुंचल्याने धुऊनही काढता येई. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी 1902 मध्ये 'फोटो-सेसेशन' हा गट स्थापन केला आणि 1903 पासून 'कॅमेरा वर्क' हे नियतकालिक चालवले, ते याच प्रवाहाच्या प्रतिष्ठेसाठी. मात्र 1917 मध्ये त्या नियतकालिकाचा जो अखेरचा जोडअंक निघाला तो पॉल स्ट्रँड या तरुणाच्या छायाचित्रांना वाहिलेला होता, आणि ती छायाचित्रे रोखठोक, रेखीव व कुंचल्याच्या संस्काराला ठाम नकार देणारी होती. स्ट्रँड स्टीग्लिट्झ यांच्या दालनात वाढले, तिथेच त्यांना आधुनिक चित्रकलेची ओळख झाली, आणि तिथूनच त्यांनी त्या दालनाच्या मूळ भूमिकेला छेद दिला. स्वतः स्टीग्लिट्झ तोवर त्याच दिशेने वळले होते, म्हणून गुरूने शिष्याचा विरोध आपल्याच अंकात छापला.

या इतिहासाला भारताशी जोडणारा एक दुवा फारसा सांगितला जात नाही. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाने 1924 मध्ये स्टीग्लिट्झ यांची 27 छायाचित्रे आपल्या संग्रहात घेतली, आणि ती मिळवण्यामागे तिथल्या भारतीय कला विभागाचे प्रमुख आनंद कुमारस्वामी होते. भारतीय शिल्प आणि चित्रकला यांच्या मीमांसेसाठी ज्यांचे नाव घेतले जाते त्या विद्वानाने अमेरिकेतील एका मोठ्या संग्रहालयाचे दार छायाचित्राला उघडून दिले, आणि ज्या देशाच्या कलेचा त्यांनी अभ्यास केला त्या देशातील संग्रहालयांना तसे करायला आणखी कित्येक दशके लागली.

ही दिरंगाई माध्यम उशिरा आल्यामुळे झाली असे म्हणता येणार नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्येच स्थापन झाली होती, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासद त्यात सक्रिय होते. परंतु वसाहतकाळात कॅमेऱ्याकडून मुख्यतः मोजमापाचे काम घेतले गेले: लेणी व मंदिरे यांच्या नोंदी, राजेरजवाड्यांचे दरबार, आणि 1868 ते 1875 या काळात आठ खंडांत निघालेल्या 'द पीपल ऑफ इंडिया'सारख्या ग्रंथांतून जाती-जमातींचे वर्गीकरण. स्वातंत्र्यानंतर कलाशाळांनी आणि अकादमींनी चित्र-शिल्पाला जे स्थान दिले ते छायाचित्राला दिले नाही, आणि ती रिकामी जागा हौशी मंडळांनी भरून काढली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया 1937 ची, तर देशभरच्या मंडळांचा महासंघ 1953 चा. या मंडळांनी सलोन, म्हणजे परीक्षकांनी निवडलेल्या प्रवेशिकांचे स्पर्धात्मक प्रदर्शन, ही पद्धत रुजवली.

सलोनने तांत्रिक शिस्त दिली, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. डार्करूममधील हातखंडा हजारो हौशी छायाचित्रकारांनी या मंडळांतच कमावला. पण काही सेकंदांत गुण देणाऱ्या परीक्षकापुढे जी प्रतिमा टिकते ती ताबडतोब कळणारी असावी लागते, त्यामुळे विषय ठरीव झाले. सुरकुतलेला चेहरा आणि फेटा, धुक्यातला घाट, पुष्करचे उंट, आणि महाराष्ट्रात वारीतले रिंगण व सोमवती अमावास्येला जेजुरीच्या गडावर उधळला जाणारा भंडारा या प्रतिमा इतक्या वेळा काढल्या गेल्या आहेत की आता जेजुरीत एकाच पायरीवर रांगेने उभे असलेले छायाचित्रकार भंडाऱ्याच्या पिवळ्या ढगापेक्षा लक्षवेधी ठरावेत. पहिले चांगले छायाचित्र पाहून दुसऱ्याने तेच ठिकाण, तीच वेळ आणि तीच लेन्स निवडावी, याला प्रेरणा म्हणण्याची चाल मराठी नियतकालिकांनी आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनीही पोसली आहे.

या नकलेमागे आस्वादनाची एक उणीव आहे, ती म्हणजे प्रिंट न पाहण्याची. पडद्यावर किंवा पुस्तकात छायाचित्राचा विषय कळतो. कागदावर उमटलेल्या प्रतिमेचा पोत, तिचा आकार आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची चढण मूळ प्रिंटसमोर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. अँसल अ‍ॅडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्यासोबत विकसित केलेली झोन पद्धत दृश्यातील प्रकाशाचे गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत टप्पे पाडते आणि कोणता भाग कोणत्या टप्प्यावर बसवायचा हे छायाचित्र काढण्यापूर्वीच ठरवायला शिकवते. पियानोचे शिक्षण घेतलेले अ‍ॅडम्स निगेटिव्हला स्वरलिपी आणि प्रिंटला तिचे गायन-वादन मानत. न्यू मेक्सिकोत 1941 मध्ये काढलेल्या 'मूनराइज, हर्नांडेझ' या एका निगेटिव्हपासून त्यांनी पुढील दशकांत हजाराहून अधिक प्रिंट केल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश फिकट आणि ढगांच्या रेघांचे आहे, तर उत्तरकाळातील प्रिंटमध्ये ते जवळजवळ निव्वळ काळे होऊन चंद्र व खालची दफनभूमी यांच्यातील ताण तीव्र होतो. केवळ विषय पाहणाऱ्याला या दोन्ही प्रिंट एकच वाटतील. अशा मूळ प्रिंट पाहण्याची सोय मुंबईत फार थोड्या ठिकाणी आहे, आणि म्हणून एनसीपीएमधील पिरामल दालनाने गेल्या काही दशकांत छायाचित्राला वाहिलेली जागा म्हणून केलेल्या कामाचे मोल मोठे आहे.

भारतीय छायाचित्रणातील सर्वांत अर्थपूर्ण मतभेद आंरी कार्तिए-ब्रेसों यांच्याशी झाला. त्यांच्या 1952 च्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीमुळे 'निर्णायक क्षण' ही कल्पना, म्हणजे घटनेचा अर्थ आणि दृश्याची रचना एकाच निमिषात जुळून येणे, जगभर पसरली. रंगीत छायाचित्रणाबद्दल मात्र त्यांना आस्था नव्हती. जयपूरला 1942 मध्ये जन्मलेल्या रघुबीर सिंग यांनी कार्तिए-ब्रेसों यांचे जयपूरवरील पुस्तक घरातच पाहिले होते आणि 1966 मध्ये त्यांना तिथे काम करतानाही पाहिले. त्यांच्याकडून सिंग यांनी हातात मावणारा कॅमेरा, रस्त्यावरची सावध भटकंती आणि गुंतागुंतीची रचना घेतली, पण कृष्णधवल नाकारले. भारतीय दृष्टी लघुचित्रांपासून बाजारापर्यंत रंगातच घडली आहे आणि कृष्णधवलातील विषण्णता ही पाश्चात्त्य संवेदनेची देणगी आहे, अशी त्यांची मांडणी होती. ही मांडणी सिद्धांत म्हणून एकांगी आहे; अजिंठ्याच्या रंगांबरोबर वेरूळच्या दगडातील छायाप्रकाशही याच भूमीतला आहे. पण छायाचित्रकाराचा सिद्धांत त्याच्या कामासाठी असतो. हावड्यातील पदपथावरच्या आरशांच्या दुकानाचे त्यांचे 1991 मधील छायाचित्र पाहिले की रंगाचा आग्रह का होता ते उमगते: विक्रीला मांडलेल्या आरशांत रस्त्याचे तुकडे दिसतात, चौकटीत आणखी चौकटी पडतात, आणि या विस्कळीत दृश्याला रंगच बांधून ठेवतात. अँबेसेडर मोटारीची दारे व काचा यांतून देश पाहणारी त्यांची मालिका हाच प्रयोग पुढे नेते.

रघू राय यांचा मतभेद इतका उघड नाही. कार्तिए-ब्रेसों यांच्या शिफारशीवरून ते 1977 मध्ये मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेत गेले, म्हणून त्यांना सरसकट त्यांचे अनुयायी मानले जाते. परंतु चर्चगेट स्थानकावरील त्यांच्या 1995 च्या छायाचित्रात शटर बराच वेळ उघडे राहिले आहे. उतरणाऱ्या गर्दीचे धूसर पट्टे झाले आहेत आणि जागच्या जागी राहिलेली मोजकी माणसे तेवढी स्पष्ट आहेत. निमिषाऐवजी इथे काळाचा एक पट्टाच चौकटीत आला आहे, आणि मुंबईच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्याला निर्णायक क्षणापेक्षा हा पट्टाच अधिक खरा वाटेल.

दयानिता सिंग यांनी भांडण एकट्या छायाचित्राशीच मांडले. एक उत्तम प्रतिमा, तिची मर्यादित संख्येतील प्रिंट आणि काचेमागची तसबीर, या कलाबाजाराच्या शिरस्त्याऐवजी त्यांनी क्रम आणि पुस्तक यांना कलाकृती मानले. 'सेंट अ लेटर' (2008) मध्ये घडीच्या सात छोट्या पुस्तिका एका पेटीत येतात आणि उलगडून उभ्या केल्या की प्रत्येक पुस्तिकेचे प्रदर्शन होते. 'म्युझियम भवन' मध्ये लाकडी चौकटींच्या हलत्या रचना आहेत, ज्यांतील छायाचित्रांचा क्रम बदलला की अर्थही बदलतो. 2022 चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. अनुकरणाच्या दृष्टीने हे काम गैरसोयीचे आहे, कारण त्यातील एखादे सुटे छायाचित्र उचलून तसेच काढणे जमले तरी हाती काही लागत नाही.

पुष्पमाला एन. यांनी तर वसाहतकालीन छायाचित्रालाच उलटतपासणीसाठी उभे केले. क्लेअर आर्नी यांच्यासोबत 2000 ते 2004 या काळात केलेल्या 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' या मालिकेत त्या स्वतः वेष धारण करून कधी राजा रविवर्म्याच्या चित्रातील देवी होतात, तर कधी चौकडीच्या पडद्यापुढे मोजमापासाठी उभी केलेली आदिवासी स्त्री. 'द पीपल ऑफ इंडिया'च्या परंपरेने ज्यांना नमुना ठरवले, त्यांची जागा इथे कलावंताने घेतली आहे. मळवली येथील छापखान्यातून निघालेल्या रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वती ज्यांच्या आजोबांच्या देव्हाऱ्यात होत्या, त्या मराठी वाचकाला या मालिकेतील विनोद लवकर पोचतो आणि जरा बोचतोही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम गौरी गिल यांचे आहे, आणि मराठीत त्याची दखल फारच अपुरी घेतली गेली. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासोबत 2013 पासून त्यांनी 'फील्ड्स ऑफ साइट' ही मालिका केली. गिल यांनी त्या परिसराची कृष्णधवल छायाचित्रे काढली आणि वांगड यांनी त्या प्रिंटवर शाईने वारली रेखाटने केली. वांगड ज्या जागांबद्दल सांगत होते त्यांतील पूर, जंगलतोड, देवदेवता आणि मागच्या पिढ्यांच्या कथा छायाचित्रात येतच नव्हत्या. कॅमेऱ्याला समोरचा डोंगर दिसत होता, डोंगराची आठवण दिसत नव्हती. एका प्रतिमेत एकच वेळ आणि एकच जागा असते ही छायाचित्राची मर्यादा, आणि वारली चित्रात अनेक वेळा व अनेक घटना एकाच पटावर नांदतात हे त्याचे सामर्थ्य, या दोहोंची गाठ इथे एकाच कागदावर पडते. छायाचित्रकार आणि चित्रकार या दोघांची नावे कलाकृतीवर असणे हाही या कामाच्या अर्थाचाच भाग आहे, कारण ज्याचे छायाचित्र काढले जाते त्याला उत्तर देण्याची संधी या माध्यमाने क्वचितच दिली आहे. रेखाटने कुठे-कुठे इतकी दाट होतात की खालचे छायाचित्र निव्वळ पार्श्वभूमी उरते, आणि तिथे दोन माध्यमांतील संवाद थांबून एकाची सरशी होते, ही त्यातील उणीवही सांगितली पाहिजे. पण ही उणीव धाडसातून आलेली आहे.

गिल यांची पुढची मालिका 'अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स' जव्हार परिसरातील आहे. तिथल्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून देव-दानवांची सोंगे नाचवण्याच्या उत्सवात, लागणारे कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणाऱ्या कोकणा व वारली कारागिरांना गिल यांनी देवादिकांऐवजी रोजच्या जगण्यातील माणसे, प्राणी आणि वस्तू यांचे मुखवटे घडवायला सांगितले, आणि ते घालून गावकरी घरात, दुकानात, वाटेवर आपापले नित्याचे व्यवहार करताना रंगीत छायाचित्रांत दिसतात. 2018 मध्ये ही मालिका न्यूयॉर्कच्या मोमा पीएस-1 मध्ये मांडली गेली आणि तिच्यावरील बहुतेक लेखन इंग्रजीत झाले. त्या लेखनात मुखवटा, ओळख आणि अभिनय यांची चर्चा आहे, परंतु बोहाड्यात सोंग नाचवणे हे घराण्याच्या मानाचे आणि नवसाचे काम असताना त्याचा मुखवटा उत्सवाबाहेर, देवत्वावाचून वापरल्यावर कारागिरासाठी काय बदलते, त्याला नवी मोकळीक मिळते की जुनी जबाबदारी सुटते, हा प्रश्न जवळपास अस्पर्श आहे. तो नेमकेपणाने विचारण्यासाठी जव्हार-मोखाड्यातील सोंगांची आणि त्यांच्या मानकऱ्यांची माहिती लागते, आणि ती ज्यांच्याकडे आहे ते अभ्यासक मराठीत लिहितात. छायाचित्र हा आपला विषय आहे असे मात्र त्यांना अजून वाटलेले नाही.